अंजनाबाईंचा धूर

माझी बदली होऊन दोन वर्षं झाली, तरी थंडी पडली की सकाळी उठल्याबरोबर मी आधी मागची खिडकी उघडते. या घराच्या मागं आहे शेजाऱ्यांची भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल. धूर दिसणार कुठून? स्वतःलाच दोन शब्द सुनावते, खिडकी लावून घेते आणि चहा ठेवते. ही सवय मला अंजनाबाईंनी लावली. लावली कसली, गळ्यातच बांधली म्हणा ना.

सावनेरच्या अलीकडं एका गावात मी तेव्हा शाळेवर होते. तिसरी आणि चौथी माझ्याकडं. गावाच्या अगदी शेवटाला खोली मिळाली. मागच्या खिडकीतून एक नाला दिसायचा, आणि नाल्यापलीकडं अंजनाबाईंचं अडीच एकर. त्यात कपाशी, तूर, चौदा संत्र्याची झाडं, घरामागं भाजीचे चार वाफे, आणि मधोमध दोन खोल्यांचं मातीचं घर. स्वयंपाकाची जागा घराला जोडलेली, तुराट्यांच्या कुडाची. तिथं अंजनाबाई, चंद्री नावाची गाय आणि सात-आठ कोंबड्या, एवढाच कबिला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा दिलीप नागपुरात.

आमची ओळख भांडणातून झाली. म्हणजे मी भांडायला गेले होते. मी मूळची भिवापूरची. आमच्याकडची मिरची नावाजलेली, आणि माझी जीभही तिथलीच आहे असं आमच्या हेडमास्तरांचं मत होतं. त्या हिवाळ्यात रोज सकाळी अंजनाबाईंच्या चुलीचा धूर वाऱ्यानं सरळ माझ्या खोलीत यायचा. धुतलेले कपडे, उशी, माझे केस, सगळ्याला धुराचा वास. शाळेत पोरं नाक धरायला लागली तेव्हा माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि नाला ओलांडून गेले.

बाई वाफ्यात उकिडव्या बसून काहीतरी गुंडाळत होत्या. सत्तरीच्या, काटकुळ्या, डोक्याला मफलर बांधलेला, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर.

"तुमच्या चुलीचा धूर सगळा माझ्या खोलीत येतो," मी तोफ डागली.

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर असा आनंद, जणू मी काही बक्षीस घेऊन आले होते.

"तुह्या खोलीत येते? बरं झालं वं बाई! म्हंजे कोणाले तरी समजते का मी उठली."

आता यावर भांडावं कसं? मी परत आले तेव्हा माझ्या हातात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी होती आणि ओंजळभर तुरीच्या शेंगा. धूर येत राहिला.

थंडी हा अंजनाबाईंचा खास शत्रू. उन्हाळ्याबद्दल, पावसाबद्दल त्यांना विशेष काही म्हणायचं नसे. थंडीचं नाव काढलं की मात्र कंबर कसायच्या. दिवाळी झाली की तयारी सुरू. कुडाच्या फटी शेण-मातीनं लिंपून घ्यायच्या. खताची रिकामी पोती धुऊन, वाळवून, दोन जुन्या लुगड्यांच्या मधे घालून टाचायची, की झाली वाकळ. ती एवढी जड असे की पांघरल्यावर कूस बदलायला मनाची तयारी करावी लागे. तेलाचा पत्र्याचा डबा बाहेरून काजळीनं काळा करून त्यात पाणी भरून उन्हात ठेवायचा. दुपारी दोनला त्यात हात घालून पाहिला तर चटका बसायचा. "माहा गिझर," त्या म्हणायच्या. झोपायच्या आधी चुलीतली गरम राख मडक्यात भरून खाटेखाली सरकवायची. कोंबड्यांच्या टोपलीखाली कपाशीच्या सरकीचा थर. चंद्रीच्या पाठीवर तर चक्क दिलीपच्या लहानपणच्या सतरंजीचा तुकडा, दोरीनं पोटाखालून बांधलेला.

पण खरा थाट वाफ्यांचा. टमाटर आणि वांग्याची रोपं थंडीनं करपतात म्हणून दिवस कलला की त्या रोपांवर काड्या रोवून साड्या पांघरायच्या, आणि सकाळी ऊन अंगावर आलं की काढून, झटकून, घडी करून ठेवायच्या. यात एक दिवस खाडा नाही. माझ्या खिडकीतून संध्याकाळी पाहिलं की चार ओळी रंगीबेरंगी साड्या नेसून गुमान बसलेल्या असायच्या.

त्या साड्यांवरून एकदा चांगलंच रामायण झालं. दिलीपची बायको वैशाली स्वभावानं चांगली. दर दिवाळीला सासूला नवीन साडी घेऊन यायची. सासूबाई ती साडी डोक्याला लावायच्या, "लय छान हाय वं" म्हणायच्या आणि पेटीत ठेवायच्या. एकदा डिसेंबरात ही दोघं न सांगता संध्याकाळची आली. मी तिथंच बसले होते. वैशालीनं वाफ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, ही मी दिलेली मोरपंखी साडी ना? वांग्यावर?"

"हाव."

"अहो आई! नेसायला दिली होती तुम्हाला!"

"मले पाहाले कोण येते इथं?" अंजनाबाई शांतपणे म्हणाल्या. "वांगे तरी येता-जाता दिसते लोकाईले. अन् तुही साडी मऊ हाय, रोपाले घासत नाही. बाकीच्या साड्यांपेक्षा तुह्या साडीखालचे वांगे मोठे झाले, पाहून घे!"

वैशालीला रडावं की हसावं कळेना. जाताना ती त्याच साडीखालची दोन किलो वांगी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी भरीत झक्कास झाल्याचा तिचा मला फोन आला. मी ऐकून पोट धरून हसले. "मले पाहाले कोण येते इथं" हे वाक्य मात्र मला तेव्हा ऐकू आलं नाही. म्हणजे कानावर पडलं, पण ऐकलं नाही. शिक्षकाला हा रोग असतोच.

त्या एकट्या होत्या. हे मी आता सरळ लिहिते, कारण तेव्हा मी त्याला हुशारी, हिंमत, कणखरपणा अशी वर्गात शोभणारी नावं देत होते. गावात त्यांच्या वयाच्या दोघी-तिघी होत्या, त्या एकेक करून लेकांकडं गेल्या, नाहीतर देवाघरी. पूर्वी म्हणे सकाळी चार घरच्या बायका त्यांच्याकडं चुलीचा विस्तव न्यायला यायच्या, कारण अंजनाबाईंची आग रात्रभर राखेखाली जिवंत असायची. आता घरोघरी गॅस. विस्तव होता, न्यायला कोणी नव्हतं.

मग त्या बोलायचं साठवून ठेवायच्या. अक्षरशः साठवायच्या. दिवसभरात काही घडलं, म्हणजे चंद्रीनं बादली लाथाडली, संत्र्यावर नवा पक्षी बसला, नवऱ्याची एखादी गोष्ट आठवली, की पदराच्या टोकाला एक गाठ मारायची. मी शाळेतून येताना डोकावले की बसायला पाट द्यायच्या, चहा टाकायच्या आणि पदर पुढं घ्यायच्या. "थांब वं मास्तरीण, आज तीन हाय." मग एकेक गाठ सोडत जायच्या आणि एकेक गोष्ट सांगत जायच्या. शेवटची गाठ सुटली की पदर झटकायच्या. "झालं. जाय आता, तुले वह्या तपासायच्या असतीन." कधी मी चार-पाच दिवस फिरकले नाही तर पदर पार आखडून गेलेला असायचा. तेव्हा वाटायचं, काय ही गंमत! मी घरी कधी कधी त्यांची नक्कलही करून दाखवायचे.

दिलीपचं म्हणणं एकच. आईनं नागपूरला यावं. माझ्यासमोरच एकदा मायलेकांची जुंपली.

"मी काय तुहा दुश्मन हाव का, आई? इथं तुले रात्री काही झालं तर कोण पाहीन?"

"काहून होईन मले काही?"

"थंडीत मागच्या साली खोकून खोकून अर्धी झाली होती तू."

"अर्धीच झाली ना! पुरी तं नाही झाली."

त्यानं आणलेला मोबाइल त्यांनी तांदळाच्या डब्यात ठेवला होता, ओल लागू नये म्हणून. तो तिथंच वाजून वाजून बंद पडला होता. दिलीपनं कपाळाला हात लावला. शेवटी बोली ठरली. ज्या हिवाळ्यात आईच्यानं झालं नाही, त्या हिवाळ्यात तिनं गुपचूप नागपूरला यायचं, मग परत शेताचं नाव काढायचं नाही. आणि हिवाळा सुखरूप गेला तर दिलीपनं पुढच्या दिवाळीपर्यंत तोंड उघडायचं नाही. संक्रांत ही हद्द.

"पण तू बरी हाय हे मले रोज समजलं पाहिजे," दिलीप म्हणाला.

अंजनाबाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. "हिले माहा धूर दिसते. रोज सकाळी धूर दिसला का समजायचं, बुढी बरी हाय. ही तुले मोबाइलवर कळवत जाईन. काहून वं मास्तरीण?"

मी "हो" म्हणून बसले. भांडायला गेलेली बाई पहारेकरी होऊन परत आली. तेव्हापासून रोज सकाळी सातच्या आत मी खिडकी उघडायचे, नाल्यापलीकडं कुडावरून निळसर धूर वर चढताना पाहायचे आणि दिलीपला दोन शब्द पाठवायचे: "धूर आहे." तिकडून अंगठा यायचा. असे दोन हिवाळे अंजनाबाईंनी जिंकले. दोन्ही संक्रांतींना त्यांनी मला तिळगूळ दिला तेव्हा तोंडावर असं हसू, जणू कुस्ती मारून आखाड्यातून पैलवान बाहेर आला.

तिसऱ्या वर्षी थंडी फार कडक पडली. संत्र्याच्या झाडांना जपायला त्या बागेत धुराचे ढीग लावायच्या. ते कसे लावायचे हे त्यांनी मला मुद्दाम बसवून शिकवलं, मला शेती नसताना. फुटक्या घमेल्यात मधोमध पेटलेली गोवरी, तिच्यावर तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, दाबून, त्याच्यावर ओला पाला आणि वरून मूठभर माती. "हे पेटत नाही, धुमसते," त्या म्हणाल्या. "दिवस बुडताना लावून दे, अन् सकाळी ऊन येईपर्यंत हे धूर देत राहीन. मांगं कोणी नसलं तरी चालते." मी वहीत लिहून घेतलं. मला काय ठाऊक, पुढं तेच माझ्या अंगावर येणार आहे!

जानेवारी लागला होता. शाळेत स्नेहसंमेलनाची धांदल, पोरींचे नाच, पोरांचे मुकुट, मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तीन-चार दिवस मी अंजनाबाईंकडं गेलेच नाही. सकाळी खिडकी, धूर, "धूर आहे", अंगठा, की निघाले. चौथ्या दिवशी कपाटाची किल्ली खोलीवरच राहिली म्हणून मधल्या सुटीत परत आले. किल्ली उचलली आणि सहज मागं पाहिलं.

भर दुपारी वांगी साड्या नेसून बसली होती.

किल्ली तशीच हातात घेऊन धावले. नाल्यात चप्पल अडकली ती तिथंच सोडली. घराचं दार नुसतं लोटलेलं. अंजनाबाई खाटेवर होत्या. उजवा पाय घोट्यापासून सुजून काळानिळा झालेला, त्याला दोन तुराट्या लावून चिंधीनं बांधलेलं. उशाशी पाण्याचा लोटा, गुळाचा खडा आणि तुरीच्या शेंगांची टरफलं. चार दिवसांपूर्वी नाल्यावर शेवाळ्यावरून पाय घसरला होता. पहिले तीन दिवस बसल्या बसल्या फरफटत जाऊन त्यांनी साड्या घातल्या आणि काढल्या. चंद्रीला त्या साली वासरू झालं होतं, ते मोकळं सोडून दिलं, म्हणजे दूध काढायचा प्रश्न नाही. आज वाफ्यापर्यंत जमलं नव्हतं.

"आणि धूर?" मी ओरडलेच. "सकाळी धूर होता ना!"

त्यांनी मान वळवून मागच्या कुडाकडं पाहिलं. मी बाहेर जाऊन बघितलं. चुलीच्या मागं, माझ्या खिडकीच्या बरोबर समोर, फुटकं घमेलं ठेवलेलं. आत राख, अजून कोमट. चूल मात्र थंडगार. चार दिवसांत तिच्यात काडी जळली नव्हती.

म्हणजे मी रोज सकाळी घमेल्याचा धूर पाहून पोराला सांगत होते की तुझी आई बरी आहे. मला इतका राग आला! त्यांचा आला, माझा आला, त्या मेल्या नाचाचा आला.

"मरून गेल्या असत्या म्हणजे?"

"तं धूर बंद झाला असता," त्या म्हणाल्या. "तुले समजलंच असतं."

मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात तापानं कढत होता. "मास्तरीण, संक्रांतीले आठ दिवस राहिले. आठच. उद्या धूर आहे म्हून पाठवून देजो. खोटं थोडीच हाय, धूर तं राहीनच. तिकडं गेली का मी परत नाही येत वं. मले माहीत हाय."

मी त्यांना पेज करून घातली, पायाला हळद लावली, वांग्यांवरच्या साड्या काढल्या, संध्याकाळी पुन्हा घातल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हे लिहिताना लाज वाटते, मी खरंच पाठवलं: "धूर आहे." अंगठा आला. शाळेत गेले. चौथीच्या पोरी स्टेजवर नाचत होत्या आणि मला समोर तो काळानिळा पायच दिसत होता. मधली सुटी व्हायच्या आत मी दिलीपला फोन केला.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. काल संध्याकाळी पडल्या, एवढंच म्हणाले. घमेल्याचं गुपित मी पोटात ठेवलं. त्यांची हार मी केली, निदान लबाडी तरी उघडी पडू नये, असं काहीतरी वेडं गणित माझ्या डोक्यात होतं.

दिलीप दुपारी गाडी घेऊन आला. आईला त्यानं लहान मुलासारखं उचललं. त्यांची नजर चुकवायला मी उगाच गायीला पाणी दाखवत होते. अंजनाबाई मला काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर किती बरं झालं असतं. गाडीत बसल्यावर काच खाली करून एवढंच म्हणाल्या, "दिवस कलला का वांगे झाकजो."

मी झाकली. फेब्रुवारीपर्यंत झाकली. खरं तर थंडी संपली होती.

हाड जुळलं. त्या परत आल्या नाहीत. जमीन गावातल्याच एकाला ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरल्या रकमेवर, कसायला दिली, गाय त्यानंच ठेवून घेतली. तो गावात राहायचा, शेतातल्या घराला कुलूप. माझी खिडकी होती तिथंच होती.

पुढच्या डिसेंबरात मी त्यांना भेटायला नागपूरला गेले. महाल भागात, जुनी घरं पाडून बांधलेल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दिलीपचा फ्लॅट. खाली गल्ली एवढी अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीनं माघार घ्यावी. जायच्या आधी मी फोनवर विचारलं होतं, काय आणू? "चार गोवऱ्या आण," त्या म्हणाल्या होत्या. मला वाटलं थट्टा. तरी तुरीच्या शेंगा, सांभार आणि कागदात गुंडाळून चार गोवऱ्या घेऊन गेले. बसमध्ये शेजारची बाई नाकाला रुमाल लावून बसली होती.

अंजनाबाई मोरपंखी साडी नेसून दिवाणावर बसलेल्या. अंगावर मऊ ब्लँकेट, पायात मोजे. वैशालीनं त्यांचं काही कमी ठेवलं नव्हतं. न्हाणीघरात गिझर, खोलीत हीटर.

"बऱ्या आहात ना?" मी विचारलं.

"हाव. इथं थंडीच नाही वं," त्या म्हणाल्या. ते कौतुक नव्हतं. शत्रू पळून गेल्यावर पैलवानानं करावं तरी काय? कुड लिंपायचा नाही, डबा काळा करायचा नाही, कोणाला झाकायचं नाही.

माझं लक्ष पदराकडं गेलं. पदराच्या टोकाचा आखडून नुसता गोळा झाला होता. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. मी जवळ सरकून बसले. "सांगा मावशी. आज मला वह्या नाहीत. सगळ्या सोडा."

त्यांनी पदर हातात घेतला. पहिल्या गाठीत नख घातलं. मग थांबल्या. बोटांनी ती गाठ चाचपली, दुसरी चाचपली, तिसरी. माझ्याकडं पाहून ओशाळं हसल्या.

"कायच्या होत्या, आठवूनच नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "लय दिवसाच्या हाय ना."

मग बराच वेळ आम्ही शेंगा सोलत बसलो. त्यांनी वांग्यांचं विचारलं, चंद्रीचं विचारलं. शेवटी खाली बघत म्हणाल्या, "तुह्या खिडकीतून आता धूर दिसते का?"

"नाही, मावशी. तिथं कोणी राहत नाही."

"हाव. बरोबर हाय," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या शेंगा माझ्या पिशवीत परत भरायला लागल्या.

निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. फोन केल्याबद्दल मला माफी मागायची होती. वैशाली दारात चपला देत उभी होती, आणि माझ्यानं झालं नाही. ती माफी अजून माझ्याकडंच आहे.

दिलीप मला बसपर्यंत सोडायला खाली आला. त्यानं स्कूटर गल्लीत काढली, किक मारणार तेवढ्यात वर पाहून थांबला. त्याचा चेहरा उजळला. मीही वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी, कशाततरी ठेवलेल्या गोवरीचा निळसर धूर सरळ वर चढत होता. त्याच्यामागं मोरपंखी रंगाचा एक तुकडा दिसत होता. अंजनाबाई गजाला धरून माझ्याकडंच पाहत उभ्या होत्या.

"पाहा मॅडम, धूर आला," दिलीप हसत म्हणाला. "म्हंजे आई बरी हाय."

त्या धुराबद्दल जगात दोघींनाच माहीत होतं. एक वर उभी होती.

"हो," मी म्हणाले. "धूर आहे."